कमरेतली एक सुई, औषधं दोन

खुब्याचं हाड मोडलेल्या आजीला कमरेत एकच सुई टोचणार, पण तिच्यातून दोन औषधं जाणार, असं सांगितलं की नातेवाईक धास्तावतात: ‘एवढी भूल तिला झेपेल का?’ दोन औषधं म्हणजे दुप्पट भूल, ही समजूत मुळातच उलटी आहे.

मुख्य औषध ब्युपिव्हाकेन. त्यानं पाय बधिर होतात, हलतही नाहीत. पण रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही त्यानं ढिल्या पडतात आणि रक्तदाब उतरतो. उतारवयात खरी काळजी याचीच. म्हणून ते थोडं कमी घेऊन जोडीला फेंटानिल देतात, साधारण 10 ते 25 मायक्रोग्रॅम. म्हणजे जास्तीत जास्त एका मिलिग्रॅमचा चाळिसावा भाग! ते नस बधिर करत नाही. वेदनेचा निरोप मेंदूकडे निघतो, तिथेच, मज्जारज्जूत, त्याला अडवतं.

फेंटानिल चरबीत चटकन विरघळतं, त्यामुळे लवकर लागू पडतं आणि काही तासांत ओसरतं. मॉर्फिनचा स्वभाव वेगळा. ते मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात रेंगाळतं. म्हणून गुडघा बदलल्यावर अवघ्या 100 ते 150 मायक्रोग्रॅममध्ये जवळपास दिवसभर आराम मिळू शकतो. पण हेच पाणी ते हळूहळू मेंदूकडेही नेतं. त्यामुळे खाज सुटते, मळमळतं, लघवी तुंबते; क्वचित कित्येक तासांनी श्वास मंदावतो. रात्री सिस्टर झोपलेल्या पेशंटचे श्वास मोजते ती यासाठी. तिला ‘झोपू द्या हो’ म्हणून परतवू नका.

‘अफूच्या जातीचं औषध, सवय लागेल’ ही भीती मात्र सोडून द्यावी. अशा एका सूक्ष्म डोसानं व्यसन लागत नाही.

सिझरनंतर वर्षानुवर्षं दुखणाऱ्या कमरेचं खापरही याच सुईवर फुटतं. सुईची जागा काही दिवस ठणकेल, तेवढंच. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई त्याच्या खाली जाते. डोकेदुखीची तक्रार खरी आहे, पण ती चोवीस तास उशीविना पडून राहिल्यानं टळत नाही. बारीक, पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुईनं तिचं प्रमाण घटतं. उठून बसल्यावर डोकं ठणकलं आणि आडवं झाल्यावर थांबलं, तर लगेच कळवा.

आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा झोपेत घोरताना श्वास अडकत असेल, तर भूलतज्ज्ञांनी विचारायची वाट न पाहता आधीच सांगा.