विश्लेषण : नाताळआधीचे चार रविवार, गुरुवारची सुटी आणि मुलांच्या आठवणी

नाताळ २५ डिसेंबरला असला तरी ख्रिस्ती घरांत त्याची चाहूल जवळपास महिनाभर आधी लागते. या तयारीच्या दिवसांना आगमनकाळ किंवा अ‍ॅडव्हेंट म्हणतात. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात मात्र अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते आणि आगमनकाळ तर रविवारांवर मोजला जातो. त्यात सेकंड शिफ्ट करून आई किंवा बाबा घरी पोहोचतात तेव्हा मुलं झोपलेली असतात. अशा घरात हे दिवस मुलांच्या लक्षात राहतील असे कसे साजरे करायचे?

आगमनकाळ कधी सुरू होतो?

नाताळच्या आधीचे चार रविवार मोजायचे. त्यातला पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत नेण्याची पद्धत आहे. अनेक ठिकाणी तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी मेणबत्ती असते.

या प्रथेचा उगम फारसा कुणाला ठाऊक नसतो. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ योहान हिनरिक विखर्न हे धर्मोपदेशक गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ कधी, असं मुलं रोज विचारत. १८३९ मध्ये त्यांनी गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर रोजच्या दिवसांसाठी २० लहान लाल व रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. मुलं रोज एक मेणबत्ती पेटवत आणि दिवस मोजत. म्हणजे आज दुकानात तयार मिळणाऱ्या सजावटीचं मूळ एका टाकाऊ चाकात आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या गावाला हे विशेष सांगायला नको!

रविवारी घरी कुणी नसेल तर?

चर्चमधली उपासना रविवारीच होणार. घरातली मेणबत्ती मात्र घरातली माणसं एकत्र असतील तेव्हा लावावी, मग तो गुरुवार असो की नाईट शिफ्टला निघण्याआधीची संध्याकाळ. विखर्न यांची मुलं तर रोजच मेणबत्ती पेटवत होती. फ्लॅटमध्ये पडद्याजवळ मेणबत्ती ठेवू नये, लहान मुलं असतील तर बॅटरीवरचा दिवा चालतो.

काय करता येईल?

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त लक्षात राहणारं काम म्हणजे गोठा. येशूजन्माचा देखावा उभारण्याची प्रथा संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो इथे केलेल्या देखाव्यापासून रूढ झाली, असं मानलं जातं. आपल्याकडे दिवाळीत किल्ला केलेल्या मुलांना तो शिकवावा लागत नाही. माती, गोणपाट, पुठ्ठ्याची खोकी एवढं पुरतं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका ताटलीत गहू किंवा नाचणी पेरली की नाताळपर्यंत गोठ्यासमोर हिरवं शेत तयार होतं. घटस्थापना पाहिलेल्या शेजारच्या मुलांनाही ते ओळखीचं वाटतं. पाणी घालायचं काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाला द्यावं. जास्त पाणी होऊन एखादी ताटली कुजेल, दुसरी पेरावी.

मग फराळ. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळलाही करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या होतात. गोव्याकडची कुटुंबं कुलकुलं करतात. पिठाची गोळी काट्याच्या किंवा कोऱ्या फणीच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, हे चार वर्षांच्या मुलालाही जमतं. आकार वाकडा होतोच, तळल्यावर चव तीच.

तिसरं, गाणं आणि गोष्ट. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये मराठी ओव्यांत छापलं गेलं. नगरच्या भूमीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी लिहिलेली गीतं ‘उपासना संगीत’मधून आजही गायली जातात. नगरकडून कामासाठी इकडे आलेल्या आजीला फोन लावून तिच्या लहानपणीचा नाताळ विचारावा आणि तो आवाज रेकॉर्ड करून ठेवावा. या यादीत पुढे ढकलू नये असं काम हे एकच आहे.

आठवणी कशाने टिकतात?

साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं बहुतेकांना मोठेपणी आठवत नाही. त्यापुढचं किती टिकतं, यावर अमेरिकेतल्या रॉबिन फिवुश आणि न्यूझीलंडमधल्या इलेन रीस या मानसशास्त्रज्ञांनी दीर्घ काम केलं आहे. जे पालक मुलांशी घडून गेलेल्या गोष्टींबद्दल मोकळे प्रश्न विचारत बोलतात, त्यांची मुलं आपल्या आठवणी अधिक तपशिलाने सांगतात, असं त्यांना आढळलं. ‘मजा आली ना?’ या प्रश्नावर ‘हो’ एवढंच उत्तर येतं. ‘गोठ्यातलं मेंढरू कुणी पाडलं, मग काय झालं?’ असं विचारलं की गोष्ट सुरू होते. मोबाइलमध्ये शंभर फोटो असतात, पण ते पाहत कुणी बोललं नाही तर त्यांचा उपयोग थोडाच.

अनेक घरांत ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणानंतर गोठा उतरवतात. बाहुल्या खोक्यात भरताना मुलाकडून एक चिठ्ठी लिहून घ्यावी: या वर्षी गोठा कुणी केला, गहू किती उगवला, बाबांची कोणती शिफ्ट होती. चिठ्ठी त्याच खोक्यात ठेवावी. पुढच्या डिसेंबरात खोकं उघडलं की आधी तीच हाती येईल.