फिरत्या लाकडावर चढणारी लाख

भुसावळकराच्या ओळखीची लाख रेल्वेची. स्टेशनची रोकड चामडी पिशवीत घालायची, तोंड बांधायचं आणि गाठीवर तापलेली लाल लाख ओतून शिक्का मारायचा, हे जुन्या रेल्वेवाल्यांच्या तोंडून आम्ही ऐकत आलो. तीच लाख भोवऱ्यावर, खुळखुळ्यावर, कुंकवाच्या करंड्यावर कशी चढते, हे बघायला मात्र गाडीत बसावं लागतं. खंडवा, इटारसी मागे टाकून भोपाळकडे निघालं की नर्मदेचा पूल लागतो आणि पलीकडे बुधनी. तिथले खरादी पिढ्यान्‌पिढ्या लाखेची खेळणी घडवतात.

लाकूड दुधीचं, म्हणजे आपला काळा कुडा. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणीही याच झाडाची. पांढुरकं, बारीक पोताचं, हत्याराला मऊ. ते आधी पुरतं वाळवावं लागतं; आत ओल राहिली तर लाख पापुद्रा धरून सुटते.

ब्रश आणि रंगाचा डबा या कामात लागतच नाही. लाख तापवून, रंग घालून, मळून तिच्या कांड्या केलेल्या असतात. खरादावर, म्हणजे लेथवर, गरगरणारा तुकडा पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत झाला की त्यावर कांडी दाबायची. घासण्याच्या उष्णतेनेच लाख पाघळते आणि लाकडाला धरते. पण ती चढते जाडीभरडी, कुठे कमी कुठे जास्त. तिला एकसारखी करतं केवड्याचं वाळलेलं पान. फिरत्या लाखेवर ते दाबून धरलं की क्षणात चकाकी उमटते. दाब किती द्यायचा हे फक्त हाताला कळतं; जास्त झाला तर चढलेली लाख खरवडून निघते. मला या साऱ्या कारागिरीत ते पानच सर्वांत थोर वाटतं. आणि वाळत घालायची भानगड नाही: नग खरादावरून उतरला की तयार.

ही लाख पळस, बोर, कुसुम या झाडांवरचे इवलेसे किडे स्रवतात. तिच्या अभ्यासासाठी रांचीला 1924 मध्ये संस्था निघाली. 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांत लाखच असे, आणि औषधी गोळ्यांवरचं चकचकीत आवरणही पुष्कळदा तिचंच असतं.

महाराष्ट्रात लाकडी खेळणी म्हटलं की सावंतवाडीची चितारआळी आठवते. पण तिथलं मुख्य कसब कुंचल्याचं. खरादावरच्या लाखेची जात निराळी.

बाजारात दोन्हींच्या नावाखाली साधा ऑइलपेंट सर्रास खपतो. घेताना विचारा, रंग लाखेचा आहे का, आणि लाखेत कोणता रंग मिसळलाय. लाख निर्धोक असली तरी मिसळलेला रंग तसा असेलच असं नाही, आणि बाळ खेळणं तोंडात घालणारच. रंग लाखेचाच आहे का अशी शंका वाटली तर तळाशी स्पिरिटचा बोळा फिरवा. लाख विरघळून कापसाला रंग लागतो. घरी आणल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, सोड्याच्या पाण्यात बुडवू नका, आणि आपल्या वैशाखात बंद मोटारीच्या काचेखाली तर मुळीच ठेवू नका.