चोवीस पाण्यांचा स्फटिक

सीरियम आणि मॅग्नेशियमची नायट्रेटं पाण्यात एकत्र विरघळवून द्रावण सावकाश आटू दिलं, की त्यात रंगहीन, पारदर्शक स्फटिक धरू लागतात. हा दुहेरी क्षार हाताला ठणठणीत कोरडा लागतो, पण त्याच्या वजनात २८ टक्के पाणीच असतं. आणि त्या पाण्याच्या प्रत्येक रेणूची जागा ठरलेली असते!

हिशोबच मांडून पाहा. एका सूत्रात सीरियम दोन, मॅग्नेशियम तीन, नायट्रेट बारा आणि पाण्याचे रेणू चोवीस. नायट्रेटं सगळी सीरियमच्या वाट्याला येतात, प्रत्येकाला सहा. एकेक नायट्रेट दोन ऑक्सिजननी सीरियमला धरतं, म्हणजे भोवती बारा ऑक्सिजन झाले. ते बिंदू जोडले तर वीस त्रिकोणी पृष्ठांचा, जरासा वाकडा पिंजरा तयार होतो. मॅग्नेशियमला मिळतं पाणी, प्रत्येकाभोवती सहा रेणू, एकूण अठरा. उरलेले सहा रेणू मधल्या जागांत बसतात. क्ष-किरणांनी ही मांडणी १९६३ साली तपशिलात उलगडली.

या पिंजऱ्यांमुळे दोन सीरियममध्ये सुमारे ०.८५ नॅनोमीटर अंतर पडतं. प्रत्येक सीरियम म्हणजे एक चिमुकला चुंबक. रिकाम्या मैदानात दूर दूर उभ्या असलेल्या माणसांना एकमेकांचे धक्के लागत नाहीत, तसं या चुंबकांचं होतं. चुंबकक्षेत्र लावलं की ते एका दिशेला वळतात. त्या वेळी निघालेली उष्णता द्रवरूप हेलियमकडे जाऊ द्यायची, मग स्फटिक एकटा पाडून क्षेत्र हळूहळू काढून घ्यायचं. चुंबक पुन्हा विस्कटतात आणि स्फटिक केल्विनच्या काही सहस्रांशांपर्यंत थंड होतो.

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे सीरियमला चुंबकक्षेत्र जाणवतं ते स्फटिकाच्या अक्षाला आडवं असेल तर. अक्षाच्या दिशेने लावलेलं क्षेत्र जवळपास जाणवतच नाही.

हाच गुण एका प्रयोगात कामी आला. निसर्ग डावं-उजवं असा भेद करतो का, हे भौतिकशास्त्रज्ञ चिएन-शिउंग वू यांना १९५६ साली तपासायचं होतं. त्यासाठी कोबाल्ट-६० ची अणुकेंद्रकं अतिथंड ठेवून एका दिशेला वळवायला हवी होती. अडचण अशी, की वळवण्यासाठी क्षेत्र लावलं की थंड केलेला क्षार पुन्हा तापण्याची भीती. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये वू आणि तिथल्या सहकाऱ्यांनी याच क्षाराच्या स्फटिकावर कोबाल्टयुक्त पातळ थर वाढवला. आडव्या क्षेत्राने थंड केलं, मग अक्षाच्या दिशेने क्षेत्र लावून कोबाल्ट वळवला. सीरियमला त्याचा पत्ताही लागला नाही. कोबाल्टमधून निघणारे इलेक्ट्रॉन मात्र दोन्ही बाजूंना सारखे न जाता केंद्रकाच्या फिरकीच्या उलट दिशेने जास्त बाहेर पडले. निसर्ग भेद करतो, हे सिद्ध झालं.

हा प्रश्न उपस्थित करणाऱ्या ली आणि यांग यांना १९५७ चं नोबेल मिळालं, वू यांना मिळालं नाही. डावं-उजवं सारखंच मानणारा हा समतेचा नियम मोडल्याची गोष्ट शिकवताना वू यांचं नाव घ्यायलाच हवं, आणि तो प्रयोग शक्य करणाऱ्या या स्फटिकाची रचनाही फळ्यावर काढून दाखवायला हवी.