औषध कुठे संपते, घातक कचरा कुठे सुरू होतो?

हंगामाची शेवटची फवारणी आटोपली की शेतघरातील फळीवर काही बाटल्या आणि पुड्या उरतात. आपल्या बोलीत त्यांना ‘औषध’ म्हणतात. उरलेले औषध पुढे कधीतरी उपयोगी पडेल, ही भावना त्या शब्दातच दडलेली आहे. रसायनशास्त्राच्या आणि कायद्याच्या दृष्टीने मात्र एका टप्प्यानंतर ते औषध राहत नाही, घातक कचरा होते. हा टप्पा कोणता, तो कोण ठरवतो आणि त्यानंतर त्या बाटलीची जबाबदारी कोणाची, या प्रश्नांची उत्तरे आपल्याकडे दुकानदारापुरती स्पष्ट आहेत. शेतकऱ्याच्या उंबरठ्याशी मात्र ती अंधुक होतात.

आधी रसायनाचे पाहू. बहुतेक रासायनिक कीटकनाशकांना उत्पादनापासून साधारण दोन वर्षांची मुदत असते. ती बंद मूळ पॅकिंगमध्ये, कोरड्या व सावलीच्या जागी ठेवलेल्या मालासाठी असते. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली तापणाऱ्या खोलीत, एकदा झाकण उघडून पुन्हा बसवलेल्या बाटलीला ती लागू होईलच असे नाही. मुदत संपलेले औषध फार तर कमी लागू पडेल, मात्रा थोडी वाढवावी, असा समज सर्वत्र आढळतो. पायसवणारे घटक निकामी झाल्याने द्रावण फाटते, पानांवर डाग पडतात, कीड मरत नाही, हे खरेच. परंतु काही रसायने जुनी होताना सौम्य होत नाहीत, अधिक विषारी होतात.

याचे अभ्यासलेले उदाहरण मॅलेथिऑनचे आहे. मॅलेथिऑन कीटकांना मारक आणि माणसाला तुलनेने सौम्य ठरते, कारण सस्तन प्राण्यांच्या शरीरातील कार्बोक्सिलएस्टरेज ही विकरे त्याचे वेगाने विघटन करतात आणि कीटकांची ही क्षमता अपुरी पडते. सुरक्षिततेचा सारा डोलारा या एका फरकावर उभा आहे. उष्ण साठवणीत मॅलेथिऑनचा काही अंश आयसोमॅलेथिऑनमध्ये बदलतो आणि हे संयुग नेमक्या त्याच विकरांना निष्क्रिय करते. १९७६ मध्ये पाकिस्तानातील हिवताप नियंत्रण मोहिमेत सुमारे ७,५०० फवारणी कामगारांपैकी अंदाजे २,८०० जणांना विषबाधा झाली व पाच जण दगावले. वापरलेल्या काही भुकट्यांमध्ये आयसोमॅलेथिऑनचे प्रमाण वाढलेले आढळले. सदोष हाताळणीने त्यात भर घातली. तो माल कोणी टाकाऊ म्हणून बाजूला काढला नव्हता. वेष्टनावर नाव मॅलेथिऑनच होते.

डायझिनॉनचेही असेच. उघडलेल्या डब्यात थोडासा पाण्याचा अंश शिरला तर त्यातून मूळ रसायनाहून कितीतरी जहाल संयुगे तयार होऊ शकतात. म्हणून जुन्या ऑर्गॅनोफॉस्फेटची बाटली ‘वास येतोय म्हणजे अजून ताकद आहे’ या न्यायाने जोखू नये. ट्रायकोडर्मा, बीटी किंवा विषाणूजन्य कीटकनाशके मुदतीनंतर बव्हंशी निर्जीव होतात. त्यांचा प्रश्न वेगळा आणि सौम्य आहे.

आता कायदा. अमेरिकेत १९७६ च्या घनकचरा कायद्याखालील नियमांत न वापरता टाकून दिलेल्या व्यापारी रसायनांच्या दोन नामावल्या आहेत. ‘पी’ यादीत तीव्र विषारी रसायने येतात: फोरेट, मेथोमिल, कार्बोफ्युरान, ॲल्युमिनियम फॉस्फाइड. ‘यू’ यादीत डीडीटी, लिंडेन, कार्बारिल यांसारखी. रसायन मूळ हेतूने वापरले, म्हणजे पिकावर फवारले, तर ते कचरा ठरत नाही. ते टाकून देण्याचे ठरले की त्या क्षणी ठरते. कसोटी तारखेची नसून टाकून देण्याची आहे. ‘पी’ यादीतील माल महिन्याला एक किलोहून अधिक निघाला तर तो निर्माण करणारा सर्वांत कडक बंधनांच्या वर्गात जातो. रिकामा डबाही तीन वेळा विसळल्याखेरीज कायद्याने रिकामा मानला जात नाही. स्वतःच्या शेतावरील कीटकनाशकाच्या कचऱ्यापुरती शेतकऱ्याला तेथे सूट आहे, पण अटींवर: डबे तीनदा विसळायचे आणि उरलेल्या अंशाची विल्हेवाट स्वतःच्याच शेतावर, लेबलवरील सूचनेबरहुकूम लावायची. सूट देतानाही शेतकऱ्याचा उल्लेख करून त्याचे कर्तव्य लिहिले आहे, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे या विषयाला दोन कायद्यांच्या वाटा आहेत आणि त्या एकमेकींना नीट मिळत नाहीत. पहिली वाट १९६८ च्या कीटकनाशके अधिनियमाची व १९७१ च्या नियमांची. (या अधिनियमात ‘कीटकनाशक’ या संज्ञेत बुरशीनाशके व तणनाशकेही येतात.) नियम १०-अ नुसार मुदत संपताच परवानाधारकाने तो माल वेगळा काढावा, त्यावर विक्रीसाठी वा वापरासाठी नाही असा शिक्का मारावा, स्वतंत्र आखलेल्या जागी ठेवावा आणि तेथे ‘मुदतबाह्य कीटकनाशक’ असा ठळक फलक लावावा. त्यानंतर केंद्र सरकार ठरवील त्या पर्यावरणस्नेही पद्धतीने विल्हेवाट लावावी. येथे कसोटी तारखेची आहे, संदिग्धता नाही. परंतु नियम परवानाधारकाचा आहे आणि शेतकऱ्याकडे परवाना नसतो.

नियम ४४ वापरलेली वेष्टने, उरलेले द्रव्य व धुण्याचे पाणी यांबद्दल आहे. प्रदूषण होणार नाही अशी विल्हेवाट लावणे हे उत्पादक, मिश्रक आणि फवारणी व्यावसायिक यांचे कर्तव्य, असे तो सांगतो. वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असेही सांगतो. पुरण्याचा हा सल्ला त्या काळाचा आहे. विहिरी आणि कूपनलिकांवर जगणाऱ्या आजच्या गावात ‘वस्तीपासून दूर’ म्हणजे बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी पाण्याजवळ.

दुसरी वाट पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखालील २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांची. त्यांच्या पहिल्या अनुसूचीतील २९व्या नोंदीत ‘मुदतबाह्य व विनिर्देशात न बसणारी कीटकनाशके’ स्पष्टपणे घातक कचरा म्हटली आहेत. नोंदीचे शीर्षक मात्र ‘कीटकनाशकांचे उत्पादन व मिश्रण, साठ्यांसह’ असे आहे. म्हणजे नोंद मालाला नव्हे, प्रक्रियेला चिकटवलेली आहे. कारखान्याला ती थेट लागू होते: राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र, साधारण ९० दिवसांची साठवण मर्यादा, वाहतुकीसोबत मॅनिफेस्ट, वार्षिक विवरण आणि अखेर अधिकृत प्रक्रिया केंद्र. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. नाशिक वा लातूरच्या शेतकऱ्याने अर्धा लिटर क्लोरपायरिफॉस घेऊन तिथपर्यंत जावे, अशी अपेक्षा कोणी करू शकत नाही.

भारत सदस्य असलेला बासेल करार मात्र अधिक व्यापक बोलतो. त्याच्या सूचीतील नोंदीत उत्पादन व मिश्रणाबरोबर ‘वापर’ हाही शब्द आहे, आणि मूळ हेतूस अयोग्य ठरलेली, कालबाह्य कीटकनाशके तीत येतात. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत न वापरलेले ते कालबाह्य, अशी सरळ व्याख्याही तेथे आहे. शेतघरातील बाटली या शब्दांत बसते. आपल्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात कीटकनाशकांचे डबे धरले, पण त्यांचा भर शहरांवर होता. प्लास्टिकच्या वेष्टनाची विस्तारित जबाबदारी उत्पादकावर आली आहे, ती वेष्टनाची. आत उरलेल्या द्रव्याची नव्हे.

या फटीत केवळ मुदत संपलेला माल नाही, बंदी आलेलाही आहे. ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने कार्बारिल, डायझिनॉन, मिथाइल पॅराथिऑन यांच्यासह बारा रसायनांवर तत्काळ बंदी आली. फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस आदी सहा रसायने २०२० अखेर बंद झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये डायकोफॉल, डिनोकॅप व मेथोमिलची भर पडली. दुकानातील साठ्याचा हिशेब निरीक्षक घेतो. आंबा, ऊस वा कांद्याच्या गावांत फळीवर राहिलेल्या फोरेटच्या पिशवीचा हिशेब कोणाकडेच नाही. ती वापरता येत नाही, विकता येत नाही आणि देण्याची जागाही नाही.

हिशेब न ठेवलेल्या साठ्याचे पुढे काय होते, हे भोपाळने दाखवले आहे. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची वायुगळती सर्वांना ठाऊक आहे. कारखान्यात मागे राहिलेल्या मालाकडे त्या मानाने थोड्यांचे लक्ष गेले. तेथे सेव्हिन या नावाने कार्बारिलच तयार होत असे. त्याचे अवशेष, अर्धवट तयार झालेली कीटकनाशके, अभिक्रियापात्रांतील गाळ आणि दूषित माती असा कचरा आवारात पडून राहिला. २०१५ मध्ये त्यातील दहा टन पीथमपूर येथे चाचणी म्हणून जाळण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने कचरा हलवण्यास चार आठवड्यांची मुदत घातल्यानंतर १ जानेवारी २०२५ च्या रात्री सुमारे ३३७ टन कचरा बारा कंटेनरमधून पीथमपूरकडे निघाला. तेथील रहिवाशांनी तीव्र विरोध केला. मग दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या ताशी १३५, १८० व २७० किलो या वेगाने झाल्या आणि उरलेला कचरा जून २०२५ अखेर जाळून संपला. ज्या रसायनाच्या उत्पादनातून हा कचरा उरला, त्याच्यावर दरम्यान देशात बंदीही येऊन गेली होती. प्रत्यक्ष जाळण्याला काही महिने पुरले, तो निर्णय व्हायला चाळीस वर्षे गेली. केरळच्या कासरगोड जिल्ह्यातही काजूबागांवरील हवाई फवारणी थांबल्यावर उरलेले एंडोसल्फान गोदामांत पडून राहिले आणि २०१२ मध्ये गळक्या पिंपांतून ते नव्या पिंपांत भरावे लागले.

भट्टीत ते जळते मग शेकोटीत का नको, असा प्रश्न बैठकीत हमखास येतो. अधिकृत दाहकाच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १,१०० अंश सेल्सिअस तापमान राखतात, वायू तेथे दोन सेकंद तरी थांबावा लागतो आणि नंतर त्याची धुलाई होते. बांधावरच्या आगीत यातले काहीच नसते. क्लोरीनयुक्त रसायनांपासून डायॉक्सिनसारखी विषे तयार होण्यास ती अनुकूल असते, आणि धूर आपल्याच अंगणात येतो.

तोवर काय करता येईल? सर्वाधिक फरक खरेदीत पडतो. दीड एकर, म्हणजे सुमारे ०.६ हेक्टर कपाशीवर बोंडअळीसाठी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी फवारायचे असेल, तर हेक्टरी १९० ते २२० ग्रॅम या मात्रेने एका फवारणीस ११४ ते १३२ ग्रॅम लागते. १०० ग्रॅमच्या दोन पुड्या घेतल्या तर ७० ते ८५ ग्रॅम उरते. स्वस्त पडतो म्हणून २५० ग्रॅमचा डबा घेतला तर जवळजवळ निम्मे. दोन शेजाऱ्यांनी मिळून हिशेब केला तर तेवढ्याच खर्चात काहीच उरत नाही. फवारणीची शिफारस देताना क्षेत्रानुसार एकूण ग्रॅम वा मिलिलिटर लिहून द्यावेत. ‘पंपाला इतके’ एवढ्यावर थांबू नये. मुदत संपायला सहा महिन्यांहून कमी उरलेला माल बिलावर बॅच क्रमांक पाहून नाकारावा. न उघडलेला माल मुदत शिल्लक असतानाच दुकानदाराकडे परत करण्याची बोलणी व्हावी, कारण मुदतीनंतर ती त्याच्याही गळ्यात पडलेली धोंड असते आणि तो घेणार नाही.

उरलेला माल मूळ बाटलीतच, लेबल शाबूत ठेवून, कुलपात असावा. पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत तो ओतणे हे घरातल्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. दोन जुनी द्रव्ये एकत्र ओतून ‘एकच बाटली’ करू नये. मिश्रण कशाचे आहे हे कळले नाही तर प्रक्रिया केंद्रही ते सहज स्वीकारत नाही. गळकी बाटली हातमोजे घालून झाकणाच्या जाड प्लास्टिक बादलीत ठेवावी, भोवती कोरडी माती वा भुसा भरावा आणि बादलीवर नाव लिहावे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या शेतकऱ्याच्या घरी असणेच नियमात बसत नाही. आढळल्यास पाणी लावू नये, बंद खोलीत उघडू नये, थेट कृषी विभागाला कळवावे.

उत्साही शेतकरी गट किंवा उत्पादक कंपन्या ‘आम्ही गावाचा माल गोळा करतो’ म्हणून पुढे येतात. हेतू चांगला आहे, पण २०१६ च्या नियमांत ज्याच्या ताब्यात घातक कचरा तोही ‘ताबेदार’ मानला जातो. शंभर घरांच्या बाटल्या आपल्या गोदामात आणणारा गट त्या क्षणी प्राधिकारपत्र, साठवण मर्यादा आणि मॅनिफेस्ट या साऱ्यांत अडकू शकतो. म्हणून आधी राज्य मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाशी आणि प्रक्रिया केंद्राशी लेखी बोलणी, मग संकलनाचा दिवस, आणि त्याच दिवशी माल केंद्राच्या वाहनात, हा क्रम ठेवावा. अमेरिकेतील अनेक राज्यांत ‘क्लीन स्वीप’ नावाने असे दिवस घेतले जातात. आपल्याकडे खर्च उत्पादकांनी उचलावा, असे माझे मत आहे.

त्यासाठी लागणारा पहिला कागद विस्तार कार्यकर्ता या रब्बीतच तयार करू शकतो. माल हलवायचा नाही, फक्त गावाची यादी करायची: रसायनाचे नाव व टक्केवारी, अंदाजे वजन, मुदत संपल्याचा महिना, बाटली उघडलेली की बंद. बंदी असलेली आणि गळणारी नावे वेगळ्या पानावर घ्यावीत आणि ते पान तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे आधी पाठवावे.