पर्सनल ट्रेनर व्हायचे आहे? कोर्सची फी भरण्यापूर्वी हे वाचा

एका वेळी एकाच व्यक्तीकडे लक्ष देऊन, तिचे वय, आजार आणि रोजचे काम पाहून व्यायाम ठरवून देणारा आणि तो समोर उभे राहून करवून घेणारा प्रशिक्षक म्हणजे पर्सनल ट्रेनर. तालमीतले वस्ताद हेच काम करत आले आहेत. आज ते जिममध्ये, सोसायटीच्या गच्चीवर, घरोघरी जाऊन आणि मोबाईलवरूनही चालते.

या क्षेत्रात येणारे बहुतेक जण आधी सर्टिफिकेटची चौकशी करतात आणि खासगी संस्थांची फी ऐकून घरचे सोने गहाण ठेवण्यापर्यंत विचार करतात. त्याआधी एक गोष्ट माहीत असावी. डॉक्टर किंवा वकील होण्यासाठी लागते तशी सक्तीची नोंदणी या व्यवसायासाठी देशपातळीवर नाही. त्यामुळे ‘आमच्या सर्टिफिकेटशिवाय कामच करता येणार नाही’ असे कोणी सांगत असेल, तर ते खरे नाही. मोठ्या जिम साखळ्या प्रमाणपत्र मागतात आणि ते असणे चांगलेच. मात्र पहिले प्रमाणपत्र विनामूल्य मिळू शकते का, हे आधी तपासा.

सरकारी प्रशिक्षण कोठे मिळते?

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना १५ जुलै २०१५ रोजी सुरू झाली. तिच्या अल्प मुदतीच्या प्रशिक्षणासाठी वय १५ ते ४५ वर्षे असावे लागते. आधार कार्ड आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. प्रशिक्षणासाठी लाभार्थ्याकडून फी घेतली जात नाही. खेळ, शारीरिक शिक्षण आणि फिटनेस या क्षेत्रासाठी स्वतंत्र कौशल्य परिषद आहे. अभ्यासक्रम तिच्या निकषांप्रमाणे चालतो आणि परीक्षाही त्याच निकषांवर होते.

शोधताना ‘पर्सनल ट्रेनर’ऐवजी ‘फिटनेस ट्रेनर’ हे नाव वापरा. योजनेच्या मराठी कागदांत ‘कार्यभूमिका’ असा शब्द दिसेल. आम्ही अनुवादक तो लिहितो खरा, पण प्रशिक्षण केंद्राच्या खिडकीवर तो कोणी बोलत नाही. तेथे सरळ ‘फिटनेस ट्रेनरचा कोर्स आहे का’ असे विचारा. स्किल इंडिया डिजिटल हब या संकेतस्थळावर किंवा ॲपवर नोंदणी करून जवळची केंद्रे पाहता येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्किल इंडिया कार्यक्रमाला मार्च २०२६ पर्यंतची मंजुरी दिली होती. म्हणून तुम्ही चौकशी कराल तेव्हा या कोर्सची तुकडी चालू आहे का, हे केंद्रावर विचारून घ्या.

ग्रामीण भागातील गरीब कुटुंबांतील १५ ते ३५ वयाच्या तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे. महिला आणि दिव्यांग यांच्यासाठी ही वयोमर्यादा ४५ आहे. घरी अंत्योदय शिधापत्रिका असेल किंवा घरातील कोणी बचत गटात असेल, तर या योजनेची चौकशी जरूर करा. मात्र प्रत्येक केंद्रात फिटनेसचा विषय असेलच असे नाही.

तिसरा मार्ग फार कमी जणांना माहीत असतो. तुम्ही आधीच जिममध्ये मदतनीस म्हणून काम करत असाल, किंवा अनेक वर्षे तालमीत मेहनत करून आता मुलांना शिकवत असाल, तर पूर्ण कोर्सची गरज नसते. आधीच्या कौशल्याला मान्यता देण्याची, म्हणजे आरपीएलची सोय १८ ते ५९ वयापर्यंतच्या व्यक्तींसाठी आहे. थोडे मार्गदर्शन, त्यानंतर परीक्षा आणि मग प्रमाणपत्र, असे तिचे स्वरूप आहे.

प्रमाणपत्रात न मावणारे काम

पैलवानाला ताकद कशी वाढते ते कळते. पण जिममध्ये पैसे देऊन येणारा ग्राहक बहुधा पैलवान नसतो. तो दहा तास खुर्चीवर बसणारा, गुडघे दुखणारा, साखर वाढलेला पन्नाशीचा माणूस असतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सुचवते. या माणसाला तेथपर्यंत दुखापत न होता पोहोचवणे, हेच ट्रेनरचे कसब.

पहिल्याच दिवशी लेखी विचारावे : छातीत दुखते का, चक्कर येते का, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे चालू आहेत का, शस्त्रक्रिया झाली आहे का. यांतील एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय जोराचा व्यायाम सुरू करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीची साखर व्यायामात एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे ही तिची लक्षणे. जवळ साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. औषधाचा डोस मात्र ट्रेनरने कधीही बदलायला सांगू नये.

हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देण्याची पद्धत, म्हणजे सीपीआर, हाताने करूनच शिका. प्रौढ व्यक्तीला मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो. व्हिडिओ पाहून त्या दाबाचा अंदाज येत नाही.

प्रोटीन पावडरच्या डब्यावर मिळणारे कमिशन हे या धंद्यातले मोठे आमिष आहे. डब्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक नसेल, तर तो डबा कोणाला सुचवू नका. स्टेरॉइडची इंजेक्शने तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाहीत. ती देणाऱ्या ट्रेनरचे नाव त्या भागात एकदाच खराब होते, पण कायमचे.

हातात किती पडते?

समजा, आठ ग्राहक दरमहा प्रत्येकी ४,००० रुपये देतात. एकूण ३२,००० झाले. जिमचा वाटा निम्मा असेल, तर तुमचे १६,००० उरतात. हा वाटा प्रत्येक जिममध्ये वेगळा असतो. म्हणून तो आधी ठरवून कागदावर घ्या. ग्राहकाने मध्येच सोडले तर पैसे कोणाचे, तेही त्याच कागदावर लिहून घ्या. जानेवारीत नवीन लोक येतात, परीक्षा आणि दिवाळीच्या महिन्यांत जागा रिकाम्या होतात. काम पहाटे आणि संध्याकाळी असते, दुपार मोकळी जाते. ही दुपार घरी राहणाऱ्या महिलांच्या वर्गासाठी वापरता येते. अनेक महिला महिला प्रशिक्षकच शोधतात, त्यामुळे मुलींना येथे चांगली संधी आहे. घरी जाऊन शिकवायचे असल्यास पत्ता आणि वेळ घरच्यांना कळवूनच जावे.

पहिल्याच वर्षी कर्ज काढून जिम टाकण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे. एक चटई, रबरी बँड आणि डंबेलची जोडी यांवर घरोघरची शिकवणी सुरू होते. ग्राहक टिकले की मुद्रा कर्जाचा विचार करा. शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळते. अर्ज बँकेत करावा. ‘मंजुरी मिळवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. उद्यम नोंदणीही विनामूल्य आहे.

शरीर थांबले तर

ट्रेनरची पाठ धरली की त्याची कमाईही थांबते. पगारी नोकरी नसेल, तर ही सोय स्वतःच करून ठेवावी लागते. जिम तुमचा भविष्य निर्वाह निधी किंवा ईएसआय कापत नसेल, तुमचे वय १६ ते ५९ असेल आणि तुम्ही आयकर भरत नसाल, तर ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा. वय १८ ते ४० आणि मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असल्यास प्रधानमंत्री श्रम योगी मानधन योजनेत वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये भरता येतात. तेवढीच रक्कम केंद्र सरकार घालते आणि ६० वर्षांनंतर दरमहा ३,००० रुपये पेन्शन मिळते.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचे संरक्षण आहे. पण स्नायू दुखावून महिनाभर घरी बसावे लागले, तर या विम्यातून काही मिळत नाही. त्यासाठी दोन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बचत खात्यात वेगळी ठेवावी. आयुष्मान कार्ड असलेल्या कुटुंबांना रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. त्या कार्डावर तुमचे नाव आहे का, हे जवळच्या सामाईक सेवा केंद्रात तपासता येते.