किल्ला इंग्रजांकडे, राजवाडा इटालियन

१८७४ साली ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांचा जयविलास राजवाडा पुरा झाला, तेव्हा डोंगरावरचा ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. १८५७च्या उठावानंतर तो त्यांनी आपल्याकडेच ठेवला आणि १८८६मध्ये झाशीच्या बदल्यात परत केला. राजधानी शिंद्यांची, पण तिच्या डोक्यावर फौज परक्यांची, असा हा अठ्ठावीस वर्षांचा काळ. जयविलासचं वैभव पाहताना ही गोष्ट मनात ठेवावी. नाहीतर हा राजवाडा म्हणजे नुसती श्रीमंती वाटते.

राजवाड्याचे वास्तुकार सर मायकेल फिलोज. या घराण्याचा मूळ पुरुषही मायकेलच. तो नेपल्सचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नशीब काढायला हिंदुस्थानात आला आणि महादजी शिंद्यांच्या पदरी राहिला. महादजींनी द बॉयन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हा अशा युरोपीय माणसांना शिंद्यांकडे मोठी मागणी होती. पुढे त्याचा मुलगा ज्याँ बाप्तिस्त दौलतराव शिंद्यांच्या फौजेत मोठ्या हुद्द्यावर चढला. फिलोज हे नाव आपण वाचतो ते शिंद्यांच्या लढायांच्या हकिकतींत. याच घरातल्या माणसाने शिंद्यांचा राजवाडा बांधला, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असतं.

असंच एक इटालियन घर रशियात रुजलं होतं. बार्तोलोमेओ रास्त्रेल्ली १७१६ साली, ऐन पोरवयात, शिल्पकार वडिलांबरोबर सेंट पीटर्सबर्गला गेला. घराणं फ्लॉरेन्सचं, पण त्याची सारी कारागिरी रशियातच फुलली. सम्राज्ञी एलिझाबेथसाठी त्याने त्सारस्कोये सेलोचा कॅथरीन राजवाडा, स्मोल्नीचं निळं-पांढरं कॅथीड्रल आणि १७५४ ते १७६२ या काळात नेवाकाठचा हिवाळी राजवाडा उभारला. रशियाच्या राजवटीला युरोपला दाखवायचं होतं की आम्ही तुमच्या बरोबरीचे आहोत. पुढे दुसरी कॅथरीन गादीवर आली आणि तिला हा नक्षीचा पसारा रुचेना. रास्त्रेल्लीचे दिवस फिरले. तिने बेर्गामोच्या क्वारेंगीला बोलावलं. शैली बदलली, पण कारागीर इटालियनच राहिला.

जयाजीरावांनाही बरोबरीच दाखवायची होती. प्रिन्स ऑफ वेल्सचा दौरा १८७५-७६मध्ये झाला, त्याच्या स्वागतासाठी हा राजवाडा सजला. फिलोजने त्याला तीन मजल्यांत तीन शैली दिल्या: तळाला तस्कन, मधे इटालियन डोरिक, वर कोरिंथियन. खालून वर जाताना खांब अधिकाधिक नाजूक होत जातात, ही रोमन काळापासूनची रीत. भिंती पांढऱ्याशुभ्र.

खरा थाट दरबार हॉलचा. तिथे टांगलेली दोन झुंबरं प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची आहेत. छत एवढा भार पेलेल का, हे पाहण्यासाठी उतरती वाट बांधून हत्ती वर चढवले, अशी कथा ग्वाल्हेरला सांगतात. हत्ती आठ की दहा, यावर एकमत नाही. पण अशी कथा जिथे रुजते, तिथे बांधणाऱ्याच्या जिद्दीवर लोकांचा विश्वास असतो. खालचा प्रचंड गालिचा ग्वाल्हेरच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला. जेवणघरात टेबलावरच्या रुळांवरून चांदीची छोटी आगगाडी फिरायची आणि पाहुण्यांपुढे मद्य नि सिगार आणून ठेवायची. मुलं आजही इथून हलत नाहीत.

यानंतर काही वर्षांतच मराठी संस्थानिकांनी दुसरी वाट धरली. कोल्हापूरचा नवा राजवाडा (१८८४) आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास (१८९०) यांचे आराखडे मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी इंजिनिअरने केले. १८८१मध्ये तो वारला आणि बडोद्याचं काम रॉबर्ट चिझमने पुरं केलं. दोन्हीकडे घुमट, छत्र्या, कमानी असा देशी-विलायती मेळ आहे. डोळ्यांना लक्ष्मीविलास अधिक सुखावतो, पण जयविलासमध्ये जी निश्चिंत एकसंधता आहे, ती मला तिथे सापडत नाही.

इटालियन हातांची आपल्या मुलखातली आणखी जुनी खूण जुन्या गोव्यात आहे. थिएटाइन पंथाच्या धर्मगुरूंना पोपने गोवळकोंड्याला पाठवलं होतं. तिथे शिरकाव झाला नाही, म्हणून ते गोव्यात थांबले आणि रोममधल्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर सेंट कॅजेटन चर्च बांधलं. कार्लो फेरारिनी आणि फ्रान्सेस्को मारिया मिलाझ्झो हे त्याचे वास्तुकार, १६६१ हे पूर्णत्वाचं साल. कोरिंथियन खांब तेच, फक्त आत जांभा दगड आणि वर चुन्याचा गिलावा. मधल्या घुमटाच्या बाजूला मात्र लहान घुमटांऐवजी मनोरे आहेत.

मराठी राजाने युरोपीय कलावंताला काम दिल्याची एक खूण दक्षिणेतही आहे, फक्त तिथला कलावंत इटालियन नव्हे. त्याच सतराव्या शतकात इकडे आमच्या होसकोट्यापासून बंगळूर, कोलारपर्यंतचा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत होता. त्यांचे पुत्र व्यंकोजी इथून तंजावरला गेले. त्यांच्या वंशातल्या दुसऱ्या सरफोजींनी आपले मिशनरी गुरू श्वार्ट्झ यांच्या स्मारकासाठी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनला संगमरवरी शिल्प घडवायला सांगितलं. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. मृत्युशय्येवरच्या गुरूचा हात धरून सरफोजी उभे आहेत, असा तो प्रसंग.

जयविलासचा काही भाग १९६४पासून जिवाजीराव शिंदे संग्रहालय म्हणून खुला आहे. बाकीच्या भागात घराण्याचा मुक्काम असतो. दालनांतल्या भरगच्च वस्तूंत गुंतून न पडता आधी बाहेरच्या अंगणातून तिन्ही मजले खालून वर नीट पाहावेत आणि मग किल्ल्यावर जाऊन तिथून हाच राजवाडा पाहावा.