घेवड्यावरचा पोकर

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हापासून कोरेगावातला आमचा पोकर घरीच, वाघ्या घेवड्याच्या दाण्यांवर चालतो. भौगोलिक मानांकन मिळालेलं चलन आहे आमचं!

दोन एक्के विरुद्ध दोन राजे असले तरी पाचातला साधारण एक डाव एक्केवाला हरतोच. सलग तीनदाही हरेल. तिथे सुधारण्यासारखं काही नसतं. उठावं, चहा घ्यावा.

धाकट्याची खोड वेगळी. चार बदाम जमले, की पाचव्यासाठी तो हटत नाही. शेवटच्या पानाला न दिसलेल्या ४६ पत्त्यांत बदाम उरतात ९. वीस दाण्यांच्या ढिगासाठी दहा टाकायचे, तर तीनात एकदा तरी जिंकायला हवं. इथे पाचातही जेमतेम एकदा. हरलेले डाव मी त्याला वहीत लिहायला लावलेत. पानोपानी बदामच!